चौथ्या रॉडचं बेअरिंग

हिबारा गावात गाडीच्या बेअरिंगला घरच्या घरी धातू ओतून देणारं माणूस आता एकच उरलंय, ते म्हणजे ओनेलिया पूपो. पूर्वी तिघं होती. एक मायामीला गेला, दुसरा वारला. वारला तो तिचा नवरा सिल्वेरियो. त्यानंच बायकोला काम शिकवलं असं गाव सांगतं. गावाला काय जातंय सांगायला. सिल्वेरियोला दमा होता, धूर नाकात गेला की तो दोन दिवस खाटेवर. त्यामुळे लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ओतकाम तीच करायची आणि पाटी मात्र त्याच्या नावाची होती. तो गेल्यावरही तिनं पाटी बदलली नाही, उगाच रंग कशाला वाया घालवा म्हणून. आज ती साठीला टेकलीय, हाताच्या पाठीवर शिंतोड्यांचे पांढरे डाग आहेत, आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा असला की डोळे मिटून मान डावीकडे करते, कारण उजवा कान थोडा मंद झालाय.

ह्या कामाला हमीचा कागद नसतो. हिबारातल्या बहुतेक गाड्या सत्तर वर्षांच्या, त्यांचे खरे भाग यायचे बंद होऊन जमाना झाला. आत जे काही फिरतंय ते कुणीतरी कशापासून तरी बनवलेलं. म्हणून इथं एक रिवाज पडलाय. ज्यानं भाग बनवला त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, पायाशी नट सोडवायचे पाने घेऊन. गाडी वाटेत बसली तर त्यानंच उतरून ती चालती करायची, आणि खड्ड्यात गेली तर त्यानंही बरोबर जायचं. हा रिवाज मोडलेला कुणी पाहिला नाही. ओनेलिया अशा कितीतरी फेऱ्यांना बसलीय आणि बहुतेक वेळा चक्क डुलक्या काढत बसलीय.

त्या शुक्रवारी मात्र तिचा डोळा लागणं शक्य नव्हतं.

सकाळचे साडेआठ वाजले होते. ड्रायव्हर उबाल्दोची एकावन्न सालची हिरवी शेव्हरले ओल्गीन शहराच्या रस्त्याला लागली होती, आणि मागच्या सीटवर ओनेलियाचा थोरला भाऊ आर्सेनियो बसला होता, सुजलेले पाय पुढं ताणून, बुटांच्या नाड्या सोडून. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ओल्गीनच्या मोठ्या हॉस्पिटलात यंत्राला लावून त्याचं रक्त धुवावं लागतं. उबाल्दोच्या गाडीला पेट्रोल मिळतं तेही ह्याच कामासाठी. गावातल्या बाकी गाड्या महिनाभर टाक्या कोरड्या करून उभ्या होत्या. आणि बुधवारी नेमकी हीच गाडी चौकातच ठोकायला लागली. टक, टक, टक, कुणी आतून हातोडी मारावी तशी. बुधवारची पाळी चुकली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ओनेलियाला सांगितलं होतं की शुक्रवारही चुकला तर हृदय कधी थांबेल त्याचा भरवसा नाही, आणि ते आधी सांगून थांबत नाही. अकराची पाळी होती. बारापर्यंत खुर्ची राखून ठेवतो, त्यानंतर ती दुसऱ्याला द्यावी लागते, असंही त्या म्हणाल्या होत्या.

"चाळीसच्या वर जायचं नाही," ओनेलियानं उबाल्दोला सांगितलं.

"चाळीसनं गेलो तर माझी आजीही चालत पुढं जाईल."

"तुझी आजी मेलीय. आणि दुसरं, उतारावर किल्ली बंद करायची नाही. एकदाही नाही."

उबाल्दोनं मान हलवली. हे सांगायला कारण होतं. हिबारातला कुठलाही ड्रायव्हर उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकतो, किल्ली फिरवून इंजिन बंद करतो आणि खालपर्यंत फुकट घरंगळत जातो. तळाशी पोचला की गिअर टाकून क्लच सोडतो, इंजिन हिसका खाऊन पुन्हा सुरू होतं. चार थेंब पेट्रोल वाचतं. तीस-चाळीस वर्षं असं करून करून हात आपोआप किल्लीकडे जातो, माणूस बोलत असतो एकीकडे आणि हात आपलं काम करून मोकळा होतो. जुन्या बेअरिंगला ते चालतं. काल ओतलेल्या, अजून इंजिनाच्या फिरत्या क्रँकशी ओळखही न झालेल्या बेअरिंगला तो हिसका सोसत नाही.

आणि हे तर कालचंच ओतलेलं. शिवाय ते कशाचं ओतलंय हे गाडीत फक्त तिला ठाऊक होतं.

झालं होतं असं. बुधवारी दुपारी तिनं इंजिन उघडलं. चौथ्या रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग झिजून कागदासारखं झालेलं, एका बाजूला तर उडूनच गेलेलं. ओल्गीनला एकाकडे बाहेरून आणलेले नवे रॉड होते, पण तो डॉलर मागत होता आणि सोमवारच्या आत देत नव्हता. तिच्याकडचा बेअरिंगचा पांढरा धातू ईस्टरच्या आधीच एका ट्रॅक्टरमध्ये संपला होता. उबाल्दो कपाळाला हात लावून बसला. ओनेलिया मात्र तडक भावाच्या घरी गेली.

आर्सेनियो बत्तीस वर्षं गावच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. लग्नाची आमंत्रणं, बेसबॉलच्या सामन्यांची पत्रकं, आणि चर्चच्या कोपऱ्यावर चिकटवायच्या मयताच्या चिठ्ठ्या. हिबारात कुणी मेलं की आधी पाद्र्याला नाही, आर्सेनियोला कळायचं. आईची चिठ्ठी त्यानं जुळवली, सिल्वेरियोचीही त्यानंच. मग कागद यायचा थांबला, छापखाना बंद पडला, यंत्र भंगारात गेलं, आणि मथळ्याच्या मोठ्या अक्षरांचा एक डबा आर्सेनियोनं उचलून आणून खाटेखाली ठेवला. त्या खिळ्यांत शिसं असतं, कथिल असतं आणि अँटिमनी असतं. बेअरिंगच्या धातूतही तेच तिघं असतात, थोड्या वेगळ्या मापानं. हे ओनेलियाला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं, आणि पंचवीस वर्षांत तिनं त्या डब्याचं नावही काढलं नव्हतं.

बुधवारी काढलं. एक पौंड लागेल म्हणाली.

आर्सेनियोनं खाटेखाली नजर टाकली. मग म्हणाला, "मलाच न्यायला लागणाऱ्या गाडीसाठी मागतेस, म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाहीस." आणि संध्याकाळपर्यंत डबा आणून देतो म्हणून त्यानं तिला घालवलं.

डबा आला तेव्हा हलका वाटला. रेशनच्या तांदळाच्या काट्यावर तिनं तो जोखला, पाच औंस कमी भरला. अजून आहेत का विचारलं, तर आर्सेनियोनं खिडकीबाहेर बघत एवढेच असल्याचं सांगितलं. जन्मभराची ठेव वितळायला देताना माणूस नजर चुकवणारच, असं समजून तिनं पुढं विचारलं नाही. गुरुवारी सकाळी तिनं अक्षरं पळीत ओतली आणि मुद्दामच त्यांच्याकडे बघितलं नाही. कमी पडणाऱ्या पाच औंसांच्या जागी तिनं शेजारच्या कोळ्याकडून आणलेलं गळाचं शिसं टाकलं. शुद्ध शिसं. लोण्यासारखं मऊ. असलं भेसळीचं बेअरिंग चुलीपुढं बसून सिल्वेरियोनं बघितलं असतं तर दमा विसरून ओरडला असता. पण तो नव्हता आणि दुसरा धातूही नव्हता. पाइनची काडी पळीत बुडवून तपकिरी होईपर्यंत तापमान धरलं, रॉडच्या भोकात धरायचा दांडा मेणबत्तीच्या काजळीनं काळा केला, त्याच्याभोवती एका दमात ओतलं. मग दुपारभर काजळी लावून लावून घासलं, जिथं डाग उमटेल तिथं खरवडलं. बेअरिंग दिसायला देखणं झालं. तिनं तोंड मिटलेलं ठेवलं.

आता ते देखणं बेअरिंग तिच्या पायांपुढं हातभर अंतरावर मिनिटाला हजारदा फिरत होतं, आणि ती डोळे मिटून, मान डावीकडे करून ऐकत होती.

फ्लोरो पेरेस गावापर्यंत सगळं ठीक चाललं. रस्ता मोकळा होता, पेट्रोलच नाही तर गाड्या कुठल्या. एक घोडागाडी लागली, कणसांची पोती घेऊन चाललेली. उबाल्दो आपल्या मेहुण्याची गोष्ट सांगत होता. त्या मेहुण्यानं घर बांधायला घेतलं आणि जिना आधी बांधला. आता रोज संध्याकाळी कॉफी घेऊन जिन्यावर जाऊन बसतो आणि वरच्या मजल्याची वाट बघतो. आर्सेनियो मागं हसायचा प्रयत्न करत होता. हसलं की त्याला धाप लागत होती.

"कंपाय, मित्रा, तू हसू नकोस, तुझ्या हसण्याचं पेट्रोल आपल्याला परवडत नाही," उबाल्दो आरशात बघून म्हणाला.

आर्सेनियोचे ओठ ओनेलियानंही आरशात बघितले. फिकट मातकट झाले होते. ती उबाल्दोला गप्प बसायला सांगणार होती, पण त्याच्या बडबडीनं आर्सेनियो जागा राहतोय हेही तिला दिसत होतं, म्हणून राहू दिलं. तेवढ्यात दामियानची चढण आली. चढणीवर इंजिनानं दम धरला, बेअरिंगनं हूं की चूं केलं नाही. माथ्यावर पोचल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की आपण वाचलो. शिसं मऊ असलं तरी बाकीचं कडक आहे, निभावून नेईल.

माथ्यापलीकडे मैलभराचा सरळ उतार आहे. उबाल्दो मेहुण्याच्या बायकोवर आला होता. आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला, गिअर न्यूट्रलला गेला, किल्ली फिरली.

गाडीत एकदम शांतता झाली. टायरचा आवाज तेवढा राहिला.

"उबाल्दो," ओनेलिया म्हणाली.

त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या गाडीत आलाय अशा नजरेनं बघितलं. आणि मग घाबरून, ती थांब म्हणायच्या आत, त्यानं गिअर टाकून क्लच सोडला.

हिसका बसला. इंजिन सुरू झालं. अर्धा मैल काहीच झालं नाही, आणि तो अर्धा मैल ओनेलियानं दाराची मूठ धरून काढला. मग उतार संपला, उबाल्दोनं पेडलवरचा पाय जरा उचलला, आणि तो आला. टक. मग थोडं थांबून, टक, टक.

"बंद कर. बाजूला घे."

"एवढासा तर आवाज आहे, बाई. सावकाश नेतो की."

"एवढासा दोन मैल टिकेल. मग रॉड इंजिनाच्या पोटातून बाहेर येईल आणि आपण तिघं इथं रविवारपर्यंत बसू. बाजूला घे म्हणते ना."

नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. ओल्गीन अजून अकरा किलोमीटर होतं. ओनेलिया पोतं अंथरून गाडीखाली शिरली. गरम तेल बादलीत काढलं, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचे नट एकेक करून सोडवले. उबाल्दो तिच्या हातात पाने देत होता आणि मेहुण्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हता. चेंबर खाली आला. तळाच्या तेलात चमकणारे पापुद्रे तरंगत होते, मासोळीच्या खवल्यांसारखे. चौथ्या रॉडची टोपी काढली, तर बेअरिंगला तडा गेला होता आणि धातू कडेनं बाहेर दाबला गेला होता. कडक धातू असा पसरत नाही, तुटतो. हा पसरला होता. तिचं शिसं तिला ओळखू आलं.

ती गाडीखालून बाहेर आली. तोंडावर तेल, केसांत माती.

"माझ्यामुळं झालं," उबाल्दो म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. साठ वर्षांचा दांडगा माणूस, सकाळपासून सगळ्यांची थट्टा करत आलेला. "हा हात तोडून टाकावासा वाटतोय."

"तुझ्या एकट्यामुळं नाही," ओनेलिया म्हणाली. "धातू कमी पडला होता. मी त्यात गळाचं शिसं घातलं. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आज गाडी काढली नसतीस, आणि मला ती काढायला लावायची होती."

उबाल्दोनं तिच्याकडे बघितलं, मग मागच्या सीटकडे. आर्सेनियोनं दार उघडून पाय बाहेर सोडले होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काहीतरी बोलायला गेला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हात शर्टाच्या खिशावर ठेवून तो रस्त्याकडे बघत राहिला. ओनेलियाला वाटलं, त्याच्या छातीत दुखतंय.

"दुखतंय?"

"नाही. तू तुझं काम कर."

मघाशी मागं टाकलेली घोडागाडी आता त्यांच्यापर्यंत पोचली. गाडीवानानं सगळा प्रकार बघून आर्सेनियोला पोत्यांवर घेऊन जायची तयारी दाखवली. पण घोडा थकलेला, ओझं जड, ओल्गीनला पोचायला अडीच तास लागले असते, आणि रणरणत्या उन्हात आर्सेनियो पोत्यांवर अडीच तास काढू शकेल असं कुणालाच वाटलं नाही. गाडीवान टोपीला हात लावून पुढं गेला.

"चामडं," ओनेलिया म्हणाली. "मला चांगलं चामडं पाहिजे. पट्टा."

फार जुनी युक्ती होती, सिल्वेरियोच्या वडिलांच्या काळातली. बेअरिंग गेलंच तर तेलात भिजवलेली चामड्याची पट्टी क्रँकभोवती गुंडाळायची आणि टोपी आवळायची. दहा-बारा मैल, हळू नेलं तर, चामडं बेअरिंगचं काम करतं. जळून कोळसा होईपर्यंत करतं. तिनं ते एकदाच केलं होतं, वीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा गाडीत डुक्कर होतं.

उबाल्दोनं झटकन आपला पट्टा काढून दिला. तिनं तो वाकवला, तर चिरा पडून आतलं कापड दिसलं. प्लास्टिक.

"चामड्याचा म्हणून घेतला होता," उबाल्दो म्हणाला.

"ज्यानं विकला त्याला गाडीत बसवायला पाहिजे होतं."

आर्सेनियोनं तोवर शर्ट वर केला होता. त्याच्या कमरेला वडिलांचा पट्टा होता, गाईच्या चामड्याचा, जाड, काळा पडलेला. पोट सुजल्यामुळं तो शेवटच्या भोकावर आला होता आणि कातडीत रुतून लाल वळ उठला होता. त्यानं तो सोडवला आणि पुढं केला.

"घे. मलाही जरा श्वास घेऊ दे."

तिनं चाकूनं पट्टी कापली, तेलात बुडवली, तडकलेला धातू खरवडून एका डबीत ठेवला, पट्टी गुंडाळली. टोपी बसेना. पट्टी पातळ करायला पुन्हा बाहेर यावं लागलं. दुसऱ्यांदा बसली, पण क्रँक फिरेना, फार घट्ट झाली. तिसऱ्यांदा. नट दोनदा मातीत पडला. गाडीखाली पडल्या पडल्या तिला मागच्या सीटवरून आर्सेनियोचा श्वास ऐकू येत होता, आत घेताना शिट्टीसारखा आणि सोडताना ओला. जोवर तो ऐकू येतोय तोवर ठीक आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली. एकदा तो ऐकू आला नाही. तिचे हात जागच्या जागी थांबले.

"आर्सेनियो?"

"आहे," तो वरून म्हणाला. "तू विचारत जाऊ नकोस, मीच सांगत जाईन." आणि त्यानंतर दर मिनिटाला तो नुसतं 'आहे' म्हणत राहिला.

चेंबर चढवला, फडक्यातून गाळून तेच तेल पुन्हा भरलं. दहा वाजून पंचावन्न मिनिटांनी उबाल्दोनं इंजिन सुरू केलं. ठोका नव्हता. चामड्याचा भिजलेला, दबका आवाज येत होता, आणि काही वेळानं वास येऊ लागला, चुलीवर चप्पल पडावी तसा. उबाल्दोनं गाडी पंधराच्या वर नेली नाही. एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला आणि मागं वळून हसला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. उतार आला की ओनेलिया उबाल्दोचा उजवा हात आपल्या तेलकट मुठीत धरायची आणि उतार संपला की सोडायची. मागून आर्सेनियो अधूनमधून 'आहे' म्हणत होता. दोन 'आहे'मधलं अंतर वाढत चाललंय असं तिला वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा बारा वाजायला सात मिनिटं होती. आर्सेनियो एका हातानं विजार धरून आणि दुसऱ्या हातानं उबाल्दोचा खांदा धरून आत गेला. नर्सबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं, आर्सेनियोचा चेहरा बघितला आणि त्याला आत घेतलं. ओनेलिया बाहेरच्या बाकावर बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. ती बराच वेळ रडली. तेलानं माखलेले हात असल्यामुळं तोंड पुसताही येईना.

साडेबाराला नर्सबाईंनी तिला आत बोलावलं. यंत्र घरघरत होतं, नळीतून आर्सेनियोचं रक्त जात होतं आणि येत होतं. ओठांना जरासा रंग आला होता.

"माझ्या शर्टाच्या खिशात हात घाल," तो म्हणाला.

तिनं घातला. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. सोडून बघितलं तर आत मथळ्याच्या मोठ्या खिळ्यांची एक ओळ होती, जुळवलेली, कडेनं दोऱ्यानं आवळून बांधलेली. अक्षरं उलटी होती, पण छापखान्यातल्या माणसाची बहीण उलटं वाचायला लहानपणीच शिकते. आर्सेनियो पूपो. अकरा अक्षरं.

"ही माझ्या मयताच्या चिठ्ठीची ओळ," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी जुळवून ठेवली. गावात दुसरं कुणी उरलं नाही जुळवणारं. सगळ्यांची मी केली, माझी कुणी हातानं लिहून चिकटवावी हे मला बरं वाटेना. आज वाटेतच गेलो असतो तर तुझ्या हाताला लागावी म्हणून खिशात घेतली होती."

ओनेलियानं ओळ तळव्यावर तोलली. काट्याची गरज नव्हती. पाच औंस, फार तर थोडे जास्त.

तिला इतका राग आला की यंत्राच्या नळ्या नसत्या तर तिनं त्याला थोबाडीत मारली असती. आज रस्त्यावर काढलेलं एकेक मिनिट तिला आठवलं. ह्या माणसानं मरणाची सोय नीट व्हावी म्हणून मरण जवळजवळ ओढवूनच घेतलं होतं. आणि तिला सांगून टाकलं असतं तर तिनं काय केलं असतं? ही अकरा अक्षरं पळीत टाकायला तिचा हात धजला असता का? राग कुठं ठेवावा तेच तिला कळेना.

"गाढवा," ती म्हणाली.

"हो," आर्सेनियो म्हणाला. "तू शिसं घातल्याचं सांगितलंस तेव्हाच बोलणार होतो. लाज वाटली." मग म्हणाला, "सोमवारी पुन्हा यायचंय ना मला?"

"यायचंय."

"मग दोरा सोड."

दोऱ्याची गाठ पक्की होती, बत्तीस वर्षांच्या सवयीची. तेलकट नखांनी ती सुटेना, शेवटी तिनं दातांनी ओढून सोडवली. ओळ तिच्या मांडीवर मोकळी झाली. तिनं अक्षरं एकेक करून फडक्यात गोळा केली. दोन 'ओ' होते, दोन 'पी' होते, बाकीची एकेकच. कुठलं पहिलं होतं आणि कुठलं शेवटचं, हे फडकं बांधल्यावर सांगता आलं नसतं.

चारनंतर ती बाहेर आली तेव्हा उबाल्दो गाडीच्या सावलीत बसून होता. त्यानं कुणालातरी गाठून गाईच्या चामड्याचा दुसरा पट्टा मिळवला होता, परतीच्या वाटेत पहिलं चामडं जळालं तर म्हणून, आणि तो दोन्ही हातांत धरून ठेवला होता. तिनं गाडीचं दार उघडलं, किल्ली चालूच्या खुणेवर फिरवून ठेवली आणि अक्षरांचा सोडलेला दोरा खिशातून काढून किल्ली डॅशबोर्डवरच्या खुंटीला करकचून बांधली, सात-आठ वेढे घालून.

"हे काय आता?"

"तुझा हात बांधता येत नाही म्हणून."

उबाल्दोनं मान खाली घातली. मग विचारलं, "उद्या नवं ओतायचं तर धातू कुठून आणणार?"

तिनं फडकं त्याच्यापुढं हलवलं. आत खुळखुळ वाजलं.

"पुरेल?"

"वाटेत खरवडलेल्या धातूत ही अक्षरं घातली की ह्या वेळी पुरेल," ओनेलिया म्हणाली आणि पायाशी पाने घेऊन पुढच्या सीटवर बसली. आर्सेनियो पायऱ्या उतरून आला, आणि एका हातानं विजार धरून मागं चढला.